नांगर नाही, तर विमा नाही

आमच्या ऑफिसचे किस्से सांगायला लागले की घाटकोपरच्या मैत्रिणी म्हणतात, तू बनवून सांगतेस. कशाला बनवू? एक सांगून होईपर्यंत दुसरा जिन्यात उभा असतो! मी अंधेरीला एका विमा कंपनीच्या शेती विभागात आहे. तिसरा मजला. खिडकीतून दिसणारी एकमेव हिरवळ म्हणजे समोरच्या हॉलचं प्लॅस्टिकचं लॉन. शेतीचे सगळे निर्णय आम्ही इथे बसून घेतो.

यंदाच्या किश्श्यांचा बहुतेक माल विम्याला अर्ज केलेल्या एकट्या वैशालीने पुरवला. ती राहते मुलुंडला, शेत शहापूरकडे, उतारावर. तिने काही वर्षांपासून नांगरणी बंद केलीय. जमीन पालापाचोळ्याने झाकून ठेवायची, म्हणजे मातीत पुन्हा जीव येतो. तिच्या दिराला ही सगळी थेरं वाटतात. त्याने शेवटचं सांगून टाकलं होतं : विमा मिळाला तर यंदा थांबतो, नाही तर पूर्ण शेतात ट्रॅक्टर घालतो.

*

अर्ज आमच्या दळवीसाहेबांकडे गेला. गावच्या घरून आंब्याच्या पेट्या येतात, एवढ्या भांडवलावर ते शेतीतज्ज्ञ आहेत. ‘नांगरणी : नाही’ हे वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “आळसाचा विमा काढत नाही आपण.”

*

पुढे पिकाचा प्रश्न. वैशाली नाचणी, तूर, चवळी, भोपळा सगळं एकत्र लावते, एक गेलं तर दुसरं हाताशी राहतं. आमचा कॉम्प्युटर एकच पीक घेतो. अर्ज कॉम्प्युटरवर भरणाऱ्या सचिनने साहेबांना विचारलं, कुठलं टाकू? साहेबांनी खूप विचार केला.

“सगळ्यात उंच कोण वाढतं रे? ते टाक.”

*

मग ती स्वतःच आली, स्टीलच्या डब्यात शेतातली माती घेऊन. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. किती कौतुकाने दाखवत होती! साहेबांनी खुर्ची मागे घेतली आणि सचिनला ‘कीड आहे, जोखीम जास्त’ असं टाकायला सांगितलं. मी म्हटलं, सर, गांडुळं आहेत, ती चांगली असतात.

“कॉलम किडीचा आहे. चांगल्या किडीचा वेगळा कॉलम नाही.”

वैशालीने डब्याचं झाकण लावलं. मला तिथे बसायची लाज वाटली.

*

मधे दोन दिवस अवकाळी पाऊस कोसळला आणि साहेब एकदाचे पाहणीला निघाले. मी सोबत. आधी शेजाऱ्याचं शेत लागलं. त्याने नुकतंच नांगरलं होतं. वरची सगळी माती ओढ्यात गेलेली, खालचा कातळ उघडा. साहेब गाडीची काच खाली करून बघत राहिले.

“याला म्हणतात शेत. काय स्वच्छ ठेवलंय!”

त्याचा विमा त्यांनी गाडीतच मंजूर केला.

*

वैशालीच्या शेतातली मूठभर मातीही हलली नव्हती. तिचा दीर बांधावर ट्रॅक्टर घेऊन उभा होता. ती साहेबांना म्हणाली, आता तुम्हीच बघा, आणि आमच्या भावजींना सांगा.

साहेबांनी बुटांना चिखल लागू न देता चौफेर बघितलं. “मॅडम, तुमचं तर काहीच वाहून गेलं नाही. मग विमा हवाय कशाला?”

दिराने ट्रॅक्टर सुरू केला. वैशाली चालत गेली आणि शेताच्या मधोमध मांडी घालून बसली.

साहेब माझ्याकडे वळले. “लिही, अर्जदार सहकार्य करत नाही.”