तव्याच्या पाठीवरची तोंडं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळीची खुरं तासणं. बायकोनं शेळी गुडघ्यात दाबून धरली आणि मी विळ्यानं खुरं काढली.

"रगात काढताय का काय? दमानं की."

"तू नीट धर. ती हालतीया न् नाव माझं."

त्या कामात एवढंच बोलणं झालं. आणखी काही बोलायचं असतं हे कुणाला ठाऊक होतं?

मग तिनं हात धुतले, भाकरी केल्या. जेवणं झाल्यावर तवा गार झाला तसा तिनं तो नातीपुढं उपडा घातला. माझ्या चंचीतला चुना बोटावर घेतला आणि तव्याच्या काळ्या पाठीवर चार तोंडं काढली. एक हसरं, एक रडकं, एक रागीट, एक भ्यालेलं. हे रोजचंच होतं. सकाळी तवा चुलीवर चढला की तोंडं काजळीत जायची आणि सांजेला ती पुन्हा काढायची. तंबाखूला चुना उरत नाही म्हणून मी रोज कुरकुर करायचो, तेही रोजचंच.

नात माझ्या मुलाची, आठ वर्षांची. मुलगा आणि सून लोणंदला कंपनीत कामाला. तिथं चाळीत शेजारी भांडं पडलं तरी पोर कान झाकून ओरडायची, म्हणून तिला आमच्याकडं ठेवली, आटपाडीच्या अलीकडं, माळावर. इथं आवाज शेळ्यांचा आणि वाऱ्याचा. डॉक्टरनं स्वमग्न म्हणून सांगितलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, मला तो शब्द देवाच्या पोथीतला वाटला. बायको चौथीही नव्हती, पण ती मुलाला म्हणाली, "नाव कळलं न्हवं? मग आता काय करायचं त्ये कोन शिकवतंय, त्ये सांग."

शिकवणारी बाई सांगलीत विश्रामबागेत होती. दर मंगळवारी तिथं आईबापांचा वर्ग भरायचा. नातीचे आईबाप ड्युटीवर, म्हणून आजी जायची, पोरीला बरोबर घेऊन, एष्टीनं. येताना एकेक गोष्ट घेऊन यायची. पोरीला काय वाटतंय ते विचारायच्या आधी मोठ्या माणसानं आपल्या मनातलं सांगायचं. मग तिनं सांगितलं की तेच आपण शब्दात परत म्हणायचं. बाईनं असल्या तोंडांची कागदावरची चित्रं दिली होती, ती शेळीनं खाल्ली. तेव्हापासून तवा.

त्या सांजेला बायकोनं आधी हसऱ्यावर बोट ठेवलं. चुना ओला होता, तोंडाचा गाल पुसला गेला. "आज्जी खूश. शेळीचं काम झालं." नातीनं रागीट तोंडावर बोट ठेवलं. "पेला," ती म्हणाली.

"आजानं तुझा पेला घेतला म्हून राग आला. व्हय गं." मग तिनं तवा माझ्याकडं सरकवला. "आता तुमी."

"म्हातारपणी तव्यावर बोटं ठिवू व्हय?"

"एक दिस ठिवा की. बोट काय झिजत न्हाई."

"बायकांचं ख्योळ," म्हणालो, आणि घोंगडं घेऊन अंगणात गेलो. ती मागून हसली. पोर तवा धरून माझ्या जागेकडं बघत राहिली. माझं राहिलं होतं ना.

विश्रामबागेत मीही एकदा गेलो होतो. बायकोनं लय मागं लागून नेला. सगळे शिकलेले आईबाप खुर्च्यांवर, मी पटका काढून मांडीवर घेऊन बसलेला. बाईनं मला विचारलं, "आजोबा, नातीला राग आला की तुम्ही काय करता?"

"एक ठिवून देतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाई शांतपणे म्हणाली, "आणि तुम्हाला राग आला की?"

मला सांगता येईना. सत्तरी उलटलेला माणूस आणि असल्या साध्या प्रश्नाला अडला. मी उठलो, पटका डोक्यावर घातला आणि तडक स्टँडवर येऊन बसलो. वर्ग सुटल्यावर बायको आली. केळी घेऊन आली होती, एक मला सोलून दिलं.

आता मेंढीचं सांगतो. आमचा धंदा मेंढरांचा. पहिल्यांदा व्यालेली मेंढी पिल्लाला जवळ घेईना तर आम्ही तिची मान धरतो, तिचं तोंड पिल्लाच्या अंगाला लावून ठेवतो, हुंगायला लावतो. दोनचार दिवसांत घेते. नात आमच्याकडं आली तेव्हा ती डोळ्यात बघायची नाही, म्हणून मी तिची हनवट धरून तोंड माझ्याकडं फिरवायचो. मला वाटायचं, हेही त्यातलंच. बायकोनं माझा हात सोडवला होता. "ती काय मेंढी हाय? बगितलं न्हाई म्हंजी आयकलं न्हाई, असं न्हाई. समोर बसू नगा, बाजूला बसा."

रोज माझ्याआधी उठणारी बायको, शेळीची खुरं तासली त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. झोपेतच गेली होती. दुपारपर्यंत भावकी जमली, लोणंदहून मुलगा आणि सून आले. बायका गळा काढून रडत होत्या. नात कणगीमागं कान दाबून बसलेली.

आमच्यात मातीला उचलायच्या आधी घरच्या सगळ्यांनी तोंड बघायचं असतं. माझी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "आज्जीनं एवढा जीव लावला, न् ही पोर तोंड बी बगंना."

मला लोकांची लाज वाटली. मी पोरीला कणगीमागून ओढून आणली, प्रेताजवळ बसवली, हनवट धरली आणि म्हणालो, "बग. डोळं भरून बग." ती तोंड फिरवायची, मी पुन्हा धरायचो. बाजूला बायका टाहो फोडतायत. शेवटी ती माझ्या हाताला कडकडून चावली आणि तिथंच कपड्यात मुतली. सुनेनं तिला उचलून नेली.

कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या. तिला काय समजतंय."

मी मान हलवली. "व्हय," म्हणालो, "तिला न्हाई समजत." जिनं वर्षभर एष्टीनं जाऊन याच्या उलट शिकून घेतलं, तिच्या उशाशी बसून मी हे बोललो. चावलेलं दुखत होतं ते त्या मानानं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलो तर नात गार चुलीपुढं बसलेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाकरतुकडा भावकीतून येतो. त्यामुळं तवा कुणी चुलीवर चढवलाच नव्हता. बायकोनं काढलेली तोंडं जशीच्या तशी होती. हसऱ्याचा गाल पुसलेला होता, तिच्या बोटानं.

सून दारात उभी होती. "मामा, कालच्या सांजंपास्नं तवा धरून बसलीया. मी बोट ठिवलं तर हात ढकलती. कुनाची वाट बगतीया, काय कळंना."

मला कळलं. राहिलेलं माझं होतं.

मी जवळ गेलो तशी ती आक्रसली. मी समोर बसलो नाही. बाजूला, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर भिंतीला टेकून बसलो. मग तिनंच तवा पायानं माझ्याकडं सरकवला.

मी माझं तोंड शोधलं. चारातलं एकही माझं नव्हतं. चंची काढली, चुना बोटावर घेतला आणि कडेला पाचवं काढलं. काढता येत नाही मला. डोळे पार खाली आले, हनवटीपाशी.

"ह्यो आजा," म्हणालो. "काल तुझी हनवट धरली. लाज वाटतीया."

ती तव्याजवळ सरकली आणि तिनं ते तोंड निरखलं, माझं नाही. मग भ्यालेल्यावर बोट ठेवलं.

"भ्या वाटलं," मी म्हणालो. "बायका वरडत हुत्या. आजानं दाबून धरलं. व्हय गं."

बोट सरकलं आणि रडक्यावर जाऊन थांबलं. "आज्जी," ती म्हणाली.

त्यावर काय म्हणायचं ते वर्गात सांगितलं असेल. मी उठून गेलो होतो. मी माझं बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलं.