घोरपडीचं बाळंतपण

रिटायर झाल्यापासून माझा पाय एका जागी टिकत नाही. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. पडदा सारून आमच्या या वाळवंटी चँडलर गावाचं पांढरं ऊन बघायचं, पुन्हा ओढायचा. जन्मभर बायकांची बाळंतपणं केली. रिकामी दुपार कशी घालवतात हे शिकायचं राहूनच गेलं.

त्यात मुलाची घोरपड. ऑस्ट्रेलियातली लहान जात, शेपटीसकट दोन फुटांची, शेपटीवर काटेच काटे. त्याच्या नव्या अपार्टमेंटमध्ये पेट चालत नाहीत, म्हणून काचेच्या पेटीसकट ती आमच्याकडे आली. मागोमाग आमच्या शाकाहारी घरात जिवंत किड्यांचा डबाही आला. नवरा इंजिनिअर. त्याने दिव्याखालचा दगड तव्यासारखा तापवला आणि तळाला चार बोटं कोरडी वाळू पसरली. "वाळवंटातलं जनावर आहे, त्याला ओल कशाला?" म्हणाला.

उन्हाळ्यात ती खाईना. दिवसभर नुसती खरखर. एक कोपरा उकरायचा, तळ लागला की दुसरा. वरच्या खोलीत गेलं तरी तो आवाज पाठ सोडेना. माझं डोकं उठलं. मग एका दुपारी ती काचेवर उभी राहिली आणि मला तिचं पोट दिसलं. भरलेलं, दोन्ही कुशींना उंचवटे.

मुलाला फोन केला.

"आई, चिल! इट्स अ मेल. शॉपवाल्याने सांगितलं होतं."

"शॉपवाल्याने किती डिलिव्हऱ्या केल्यात?"

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरने फोनवर माझंच खरं ठरवलं. खोल, ओलसर माती मिळाली नाही तर ही अंडी पोटातच धरून ठेवेल आणि जिवाला मुकेल. आधी माती द्या, नाही सुटली तर ऑपरेशन.

दिवाळीचे कंदील ठेवायचा मोठा टब मी रिकामा केला. माती, वाळू, पाणी. नवरा विचारतो, "पाणी किती मिली?"

"मूठ वळून बघ. रव्याच्या लाडवासारखी वळली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये."

तापलेला दगड आणि दिवा एका टोकाला बसवला. घोरपडीला आत सोडून वर जाळीचं झाकण ठेवलं. ती मातीत शिरली ती गडपच. जिला शिव्या घालत होते ती खरखर आता ऐकू येईना, तर जीव कासावीस झाला. पेशंटची नाडी बघता येते, बाळाचे ठोके ऐकता येतात. इथे समोर नुसती माती. दुसऱ्या दिवशीही तेच. माझा हात झाकणाकडे गेला, तर नवऱ्याने तो धरला.

"राहू दे तिला."

"तू आधी बाहेर जा!" मी खेकसले. तो चहाचा कप घेऊन मागच्या अंगणातल्या पॅटिओवर गेला.

मग माती हलली. आधी मातीने माखलेलं नाक, मग सगळी ती. पोट खपाटीला गेलेलं. तरातरा दगडावर चढली आणि पुढे केलेला किडा तिने चिमट्यातून ओढूनच घेतला. मी हाताने माती हळूच बाजूला केली. तळाशी पांढरी, मऊ अंडी. नर नव्हताच, त्यातून काही निघणार नव्हतं. मला त्याचं काही नव्हतं. मला ती जगायला हवी होती.

जुन्या सवयीने कोपरापर्यंत हात धुतले आणि पॅटिओचं दार उघडलं. नवरा चटकन उठून उभा राहिला. लेबर रूमबाहेरचे नातेवाईक असेच उठायचे.

"सुटली," मी म्हटलं. "सुखरूप आहे."

आणि मला रडूच आलं. त्याने खुर्ची ओढून दिली. त्या रणरणत्या उन्हात मी बसले, आणि बराच वेळ उठले नाही.