दिगूनं मागितलेली कानपिळी

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डीजेविरोधी मोर्चाचं पत्रक तपासत बसले होते. उस्मानपुऱ्यात मावशीच्या घरी पोचले, तर दिगू नुसता झोपल्यासारखा... दिगंबर, माझा मावसभाऊ. हृदय बंद पडलं. तिसरा दिवस व्हायच्या आत आमच्या मोर्चाच्या मंडळींनी पत्रकाला नवा मथळा तयार केला, 'डीजेचा बळी', आणि खाली दिगूचा कान दाबून धरलेला फोटो. फोटो खरा होता. तरीही मला संताप आला, आणि महिना झाला तरी तो उतरलेला नाही.

दिगूच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मापासूनच नव्हता. विल्यम्स सिंड्रोम म्हणतात त्याला. त्यामुळे दिगूला बेरीज जमायची नाही, पण समोरचा माणूस परका असू शकतो हे त्याला कधी पटलंच नाही. आणि आवाज... तुमचाआमचा मेंदू नको ते आवाज मागं सारतो. दिगूच्या मेंदूला ते यायचं नाही. कुकरची शिट्टी त्याला दगड बसावा तशी लागायची. तोच मेंदू पेटीचे सूर ऐकले की दिगूच्या डोळ्यांत पाणी आणायचा. गल्लीत कुणाची रिक्षा शिरली ते तो घरात बसून सांगायचा. शाळेनं त्याला मंद म्हटलं, नातलगांनी खुळा. त्या हरवलेल्या तुकड्यापायी हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीही अरुंद राहते, हे आम्हाला कळेपर्यंत त्यानं तिशी ओलांडली होती. डोक्याला नावं ठेवायला सगळे हजर, छातीला डॉक्टरची नळी लावून बघायला कुणी नाही.

फोटो त्याच्या धाकट्या बहिणीच्या, सविताच्या लग्नातला. नवरदेव लासूर स्टेशनचा, त्यामुळे डीजे तिकडूनच आलेला. दिगूला त्रास नको म्हणून त्या दिवशी त्याला बिडकीनला काकांकडं ठेवायचं घरच्यांनी ठरवलं होतं. दिगू हटून बसला. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, आणि सविताला भाऊ एकच. मी नसलो तर कान कोण पिळंल, असं तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता. शेवटी मावशीनं हात टेकले. मांडवात डीजे सुरू झाला तसा तो कान दाबून खांबाशी बसला, फोटो तेव्हाचा, पण उठून गेला नाही. कानपिळीची वेळ आली. त्यानं नवरदेवाचा कान धरला. बोल दिगू, कपडे पाहिजे का अंगठी, असं सगळे ओरडून विचारत होते.

"कपडे नको भाऊजी," दिगू म्हणाला. "आवाज बारीक करा. गाणं लई चांगलं हाय, पर ऐकूच येईना."

मांडव हसला. नवरदेव हसला नाही. मुंडावळ्या सावरत तो स्वतः उठला आणि डीजेवाल्याला सांगून आला. मग दिगू डीजेच्या त्याच भोंग्यांसमोर जेवणं उठेपर्यंत नाचला. त्या नाचाचा फोटो कुणी काढला नाही.

तो मथळा मी मावशीला वाचून दाखवला. "आवाजाचा तरास व्हायचा त्याला, व्हय," ती म्हणाली. "पर गाण्यानं नाय मेला तो, माये. त्याला गाण्याचा दुश्मन करू नको."

पत्रकातून मी मथळाही काढला आणि फोटोही. मंडळी चिडली, चळवळीत भावना आणू नको म्हणाली. मोर्चाला मी जाणारच आहे, भिंती हादरवणारे ते आवाज बंद झालेच पाहिजेत. पण मेलेला माणूस हाताशी आहे म्हणून त्याच्या तोंडी आपली घोषणा घालायची, हे मला जमणार नाही. दिगूचं म्हणणं त्यानं भर मांडवात सांगितलेलं आहे.

परवा मावशीकडं गेले तेव्हा ती चटणी वाटायला बसली होती. मिक्सरच्या बटणावर बोट ठेवलं आणि मान वळवून आतल्या खोलीकडं बघत म्हणाली, "दिगू, लावते रं." मग आम्ही दोघी थांबलो... हात कानांवर जायला त्याला लागायचा तेवढा वेळ. मग तिनं बटण दाबलं.