मागच्या गेटची खबर

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे आता पुसट झाले आहेत. धुळ्यातली ही घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

जन्मठेपेचा एक कैदी होता. फैजपूरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातला, बांधाच्या भांडणात खून करून आत आलेला. तुरुंगात राहून तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोहोचला होता. परीक्षा केंद्र देवपूरच्या एका कॉलेजात. त्याला नेणारी-आणणारी पोलिसांची तुकडी, म्हणजे कैदी पार्टी, माझ्या अखत्यारीत.

पेपरच्या आदल्या दुपारी नियंत्रण कक्षात अहिराणी बोलीत निनावी फोन आला. "उद्या तो कैदी पळणार शे. कॉलेजच्या मागच्या गेटला मोटरसायकल तयार शे."

वरिष्ठ म्हणाले, "पार्टी रद्द करा. देईल पुढच्या वर्षी. त्याला कुठं जायचंय?"

हे मला झोंबलं. बाहेरच्या मुलाचं एक वर्ष गेलं तर घरदार रडतं. कैद्याचं वर्ष कुणाच्याच हिशेबात नसतं. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

नंबर मुख्यालयासमोरच्या चहावाल्याचा निघाला. तो म्हणाला, "साहेब, दिवसभर लोक फोन मागतात. कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवू?"

परत येताना मात्र ते मागचं गेट डोक्यातून जाईना. कॉलेजला सगळे पुढूनच जातात. आम्ही मागून जायचं हे मी त्याच सकाळी हजेरीत ठरवलं होतं, तेही तोंडी, फक्त पार्टीतल्या चौघांसमोर. खोटं पटावं म्हणून माणूस त्यात एखादी खरी गोष्ट घालतो आणि तिथेच सापडतो.

चौघांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांना एकच विचारलं, "गाडी कोणत्या गेटनं न्यायची?" तिघांनी पटकन सांगितलं. पार्टीचे प्रमुख हवालदार, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते खाली बघत राहिले.

"नाना, फोन तुम्ही केला."

 नाना फुटले. "मना पोऱ्या दोनदा बारावी नापास शे, साहेब. आन् या खुन्यानं पंख्याखाली बसून बी.ए. व्हायचं? मी उन्हात त्याची राखण करू?"

"कोर्टानं त्याला जन्मठेप दिली, नाना. अडाणी राहण्याची शिक्षा दिलेली नाही. ती तुम्ही कोण देणार? आणि त्याला अडवून तुमचा पोरगा पास होणार आहे का?"

नानांचा कसुरी अहवाल मी वर पाठवला. पार्टी कायम राहिली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो आणि नानांना सोबत घेतलं. वर्गाच्या दाराशी आम्हाला पाहून एक विद्यार्थी पुटपुटला, "एवढ्या पोलिसांसमोर यानं कॉपी केली तर कमालच." कैदीसुद्धा हसला. मग मान खाली घालून शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत राहिला. नाना दारातून एकटक बघत होते.

तो पहिल्या वर्गात पास झाला. तुरुंगाच्या आवारात त्यानं पदवी घेतली तेव्हा त्याची आई पुढं बसली होती. बराकीतल्या टाळ्या थांबेनात. ते पाहून आणखी कैद्यांनी प्रवेश घेतले.

दार उघडं ठेवणं हेसुद्धा पोलिसाचं काम आहे, हे मला त्या खटपटीनं शिकवलं. पुढच्या परीक्षेला गाडी भरून परीक्षार्थी निघाले. पार्टीत नाना होते, स्वतः मागून घेतलेली ड्युटी. दार लावण्याआधी त्यांनी आत डोकावून सगळ्यांना दरडावलं,

"पेन घेतले का रे बठ्ठ्यांनी?"