उघडी बंदूक, झाकली बंदूक

अकोल्याच्या ठाण्यात जमादार असताना हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता विसरलो आहे. हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पैसा आला तसे लुटारूही आले. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या अडवल्या जात, म्हणून गाड्यांबरोबर तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडणारी, बंदूक घेतलेला राखणदार ठेवू लागले.

हमरस्त्यावर बंदूक खांद्यावर उघडी चाले, तिथे कोणी हटकत नसे. कटकट होती ती बाजारात, कारण गावोगावचा हुकूम निराळा. अमरावतीत कुणाच्या तरी जळत्या तोड्याची ठिणगी कापसाच्या ढिगावर पडली, तेव्हापासून तिथल्या बाजारात बंदूक उघडी न्यायची मनाई झाली. तोडा विझवायचा आणि बंदूक गुंडाळून ठेवायची. आमच्या अकोल्यात कापसात दडवून आणलेली हत्यारं सापडली होती, म्हणून आमचा हुकूम नेमका उलटा. बंदूक दिसेल अशी आणावी, नाक्यावर जमा करावी. झाकलेली सापडली तर माणूस धरावा. दोन्ही हुकूम शहाण्या माणसांनीच काढले होते!

एके दिवशी सकाळी शिपायांची हजेरी चालू असताना एक इसम खबर घेऊन आला. अंगात धुतलेली बंडी, बोलण्यात जराही घाई नाही.

"हुजूर, अमरावतीकडून कापसाच्या गाड्या येऊन राहिल्या. मागच्या गाडीत गोधडीत बंदूक लपवली हाये. तो राखनदार नोहे, दरोडेखोर हाये. मूर्तिजापूरची लूट त्याचीच."

मी त्याला ओसरीवर बसवून ठेवलं. खबऱ्याला पाणी विचारावं, पण लगेच जाऊ देऊ नये, हा माझा शिरस्ता.

दुपारी गाड्या नाक्यावर आल्या. मागच्या गाडीत गोधडी आणि गोधडीत बंदूक. पंच बोलावले, पंचनामा केला, राखणदाराला बेडी घातली. रिद्धपूरकडचा धिप्पाड गडी होता. अमरावतीचा भाव पटला नाही म्हणून गाड्या पुढे अकोल्याला आणणारा त्याचा मालक हात जोडून मागे लागला, "माह्या घरचा मानूस हाये जी!" असं सगळेच म्हणतात. गोऱ्या साहेबांनी पंचनामा ऐकला आणि दरोड्याचं कलम लावायला सांगितलं. म्हणजे सरळ काळं पाणी.

मी जबानी घ्यायला बसलो.

"बंदूक का लपवलीस?"

"लपवली नाही जी, झाकली. अमरावतीले दवंडी झाली, बंदूक उघडी नेऊ नोका म्हनून. इथं बी सरकार तेच हाये ना?"

"मग सगळा रस्ता झाकूनच आणलीस?"

"रस्त्यानं कोन झाकते? चोर आल्यावर गोधडी सोडत बसू काय मी? खांद्यावरच होती. आता नाक्याअलीकडं हिरीवर बैल पाजले, तवा गुंडाळली."

शिपाई हसले. मी मात्र कारकुनाला लेखणी खाली ठेवायला सांगितलं. बाहेर जाऊन मालकाला एकट्याला विचारलं. त्यानेही तीच विहीर सांगितली, तीच वेळ सांगितली. बंदूक गोधडीत गेली दुपारी, आणि ती गोधडीत असल्याची खबर ठाण्यात आली होती सकाळी.

मी खबऱ्याला आत बोलावलं. "तू आलास तेव्हा गाड्या बोरगावच्या पलीकडे होत्या. बंदूक त्याच्या खांद्यावर होती. तुला गोधडी दिसली कुठून?"

"अमरावतीत पाह्यली जी."

"अमरावतीत सगळेच झाकतात. हा अकोल्यातही झाकणार, हे तुला कोणी सांगितलं?"

तो उत्तर जुळवत होता, तोवर राखणदारानेच त्याला ओळखलं. "अरे, हा तर कालच्या मुक्कामावरचा भला मानूस! यानंच सांगितलं मले, अकोल्यात बी झाकजो, नाहीतर धरतील."

संध्याकाळपर्यंत तो भला माणूस बोलता झाला. राखणदार कोठडीत अडकला की कापसाचे रुपये घेऊन परतणाऱ्या गाड्या बिनबंदुकीच्या जाणार होत्या, आणि या खबऱ्याचे साथीदार मूर्तिजापूरअलीकडच्या नाल्यात वाट पाहत होते. आम्ही तिथे जाऊन त्यांना धरलं. आमचे हुकूम आमच्या शिपायांपेक्षा त्यालाच चांगले पाठ होते, याचं मला आजही नवल वाटतं.

साहेबांना सगळं सांगून राखणदाराची बेडी काढली आणि बंदूक त्याच्यापुढे ठेवली. तो हात लावेना.

"ने," मी म्हणालो. "तू सुटलास."

"नाही जी. राहू द्या तुमच्यापाशीच."

"काहून?" माझ्याही तोंडी त्याचीच बोली आली.

"मले लाठी बरी. ती उघडी का झाकली, कोनी इचारत नाही."

मी खूप समजावलं, रागावलोही. तो मान हलवत राहिला. शेवटी वाटेत सोबतीला शिपाई दिले आणि गाड्या रवाना केल्या. पुढे मी फौजदार झालो, पुष्कळ दवंड्या पिटवल्या. काय करू नये एवढंच कधी सांगू दिलं नाही. काय करावं आणि कुठल्या हद्दीपर्यंत, हेही सांगायला लावलं. त्या राखणदाराला त्याचा काय उपयोग? बंदूक मुद्देमालाच्या खोलीत गंजत राहिली. लुटारूंना न भिणारा तो माणूस आम्हाला भ्याला होता.