निर्धूर कोळसा

त्या जानेवारीत माझे सारे लक्ष एका श्वासावर लागलेले असे. बाळ पाच आठवडे आधी जन्मले होते आणि इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: खोली उबदार ठेवा. आखाती शहरातल्या आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये ते सहज जमले असते. पण नवऱ्याने रास अल खैमाच्या डोंगरातल्या रस्त्याचे कंत्राट घेतले होते आणि आम्ही साइटजवळच्या एका बैठ्या, जुन्या घरात राहायला आलो होतो. तिथली फरशी पहाटे तळव्यांना चावायची. विजेचा हीटर लावला की फ्यूज उडायचा. उरली ती आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली लोखंडी भट्टी, जिचे धुराडे छपरातून बाहेर गेले होते.

तिच्यात काय जाळावे, या एका प्रश्नाने मी दिवसभर खोलीत येरझारा घालायची. नवऱ्याने साइटवरच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या आणल्या. त्या पेटताच रंगाचा कडवट वास घशाला झोंबला. मग तो रस्त्याकडेच्या लाकूडवाल्याकडून समरची लाकडे घेऊन आला. समर म्हणजे या डोंगरातली बाभूळच. तांबूस, गाठाळ, हातात घेतली की दगडासारखी जड. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली माझी आई दोन ओंडके एकमेकांवर आपटून कान लावायची. ओले लाकूड बद्द बोलते, सुकलेले खणखणते. ही लाकडे खणखणत होती. तरी भट्टीचे दार उघडले की धुराची एक बट खोलीत उतरायची, आणि बाळाच्या दिशेने सरकणारी ती बट मला पाहवत नसे.

शेवटी मी कोळसा निवडला. नाकाने निवडला, असेच म्हणायला हवे. तो धुमसत नव्हता, त्याला वास नव्हता. नुसती लाल, शांत धग. जिथे वास नाही तिथे धोका नाही, या समजुतीवर मी आयुष्यभर विसंबले होते.

आईला कोळसा आवडला तो वेगळ्या कारणाने. बाळंतिणीला शेक हवा, खाटेखाली शेगडी हवी, निखाऱ्यावर ओवा हवा. भट्टीतले निखारे घमेल्यात काढून ती माझ्या खाटेखाली सरकवू लागली. मी कुरकुरले, तर म्हणाली, "तुझ्या वेळी सव्वा महिना शेगडीवर काढला मी. तुला काही झालं का?"

मला काहीच झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, म्हणून आईने खिडक्या घट्ट लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल खुपसला. ओव्याचा वास विरला. माझे डोके ठणकत होते. जागरणाने असेल, असे वाटले. बाळाच्या टोपड्याच्या बंदाची गाठ मारायला गेले, तर तो बोटांतून निसटला. पुन्हा निसटला. बोटे माझी असून माझी नव्हती. आईकडे पाहिले. जिचे तोंड क्षणभर मिटत नाही, ती भिंतीला टेकून घमेल्याकडे नुसती पाहत होती.

"आई, ऊठ."

ती म्हणाली, "बसू दे गं जरा."

बाळ रडत नव्हते. त्याला उराशी धरून, दुसऱ्या हाताने आईचे मनगट ओढत मी दार गाठले. अंगणातला गार वारा त्याच्या तोंडावर आदळला आणि ते रडले, बारीक, चिडके, अखंड. एरवी त्या रडण्याने माझा जीव कासावीस व्हायचा. त्या दुपारी मी ते घोटाघोटाने प्यायले.

नवरा साइटवरून गाडी घेऊन आला. इस्पितळात तिघांनाही प्राणवायू लावला. नर्सने पहिल्यांदा विचारले ते हेच, की बंद खोलीत कोळसा जाळला होता का. त्याच्या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो, हे तिने मला समजावून सांगितले. बाळ वाचले, आणखी थोडा उशीर झाला असता तर, हे वाक्य तिने अर्धेच सोडले.

दोन दिवसांनी आम्हाला घरी सोडले. परतीच्या गाडीत आई अचानक म्हणाली, "आपल्या घराला कौलं होती. वरून वारा खेळायचा. माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

घरी पोचल्यावर तिने आम्हाला गाडीतून उतरू दिले नाही. खिडकी बोटभर उघडली, घमेले रिकामे करून अंगणात पालथे घातले, समरचे दोन ओंडके भट्टीत सारून पेटवले आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर येऊन उभी राहिली, मान वर, नजर छपरावर. बराच वेळ काही दिसेना. गाडीच्या काचेआड माझा हात बाळाच्या छातीवर होता. मी त्याचे श्वास मोजत होते, चुकत होते, पुन्हा मोजत होते. मग धुराड्यातून करडा, उग्र वासाचा धूर बाहेर पडला आणि वाऱ्याने डोंगराकडे वळला.

"निघाला धूर," आई म्हणाली. "आण बाळाला आत."

मी उतरले, पण उंबऱ्याशी थांबून एकदा खोल श्वास घेतला, आधी माझा.