काचेमागचे दोन हात

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाविषयी लिहायचं म्हणजे आगाऊपणा वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्या. पण तुमच्यापैकी कुणी सांगलीत हळद विकायला आलं असेल, तर वजनकाट्यावरचे ते काका तुम्हीही पाहिले असतील. ट्रॉली काट्यावर चढली की कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून ते केबिनच्या काचेला टेकवायचे. "हात बगा माजं! मग वजन बगा."

त्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरत आलेले. तिथे हा माणूस तळहात उघडे ठेवून बसायचा. हमाल चिडवायचे, "काका, बांगड्या भरायच्या हायत व्हय?"

"भर की. पर काचंच्या भर गड्या, आरपार दिसाय पायजेत."

याला कारण काट्याला जोडलेला कॉम्प्युटर. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे सगळं यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, फार जुनी होती. कधीमधी स्क्रीन गोठायचा आणि पावतीवर आधीच्याच गाडीचं वजन छापून यायचं. काका पावती फाडून पुन्हा वजन घ्यायचे. शेतकऱ्याला मात्र एवढंच दिसायचं, की एकाच मालाचे दोन आकडे निघाले. माझे वडील, आप्पासुद्धा, हळद विकून घरी आले की म्हणायचे, "काटेवाला लय लबाड हाय."

काकांनी काट्याच्या मालकाकरवी ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला विचारलं, आतला कोड दाखवा, चूक कुठे आहे ते कळू दे. उत्तर आलं की प्रणालीत दोष नाही, कोड गुपित आहे, ऑपरेटर तपासा.

"म्हंजी मलाच तपासा," काका मला हसत म्हणाले होते; आप्पांबरोबर बाजारात गेलो की मी त्यांच्या केबिनमध्ये बसायचो.

मग एकदा तशी एक पावती त्यांच्या नजरेतून सुटली. काट्यावर गर्दी जमली, शिव्या झाल्या, 'चोर' हा शब्दही झाला. मालकाने त्यांना घरी बसवलं. ते शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर राखणीला गेले. सांगलीत पुन्हा आले नाहीत.

परवा कॉलेजच्या लॅबमध्ये वाचलं, त्या कंपनीने तीच जुनी प्रणाली ओपन सोर्स केली. कोड आता कुणीही वाचावा. बातमीतल्या फोटोत केक, टाळ्या आणि 'जगाला आमची भेट' असा फलक. सर म्हणाले, "केवढं मोठं मन!" मी भीतभीत छपाईचा भाग उघडला. तिथे कोड लिहिणाऱ्यानेच इंग्रजीत शेरा मारून ठेवला होता: जुना आकडा कधीकधी तसाच राहतो, पुढे कधीतरी बघू.

माणसं त्यावर पोट भरत होती तोवर कुलूप, आणि कुजल्यावर भेट. वर केक.

दुपारी काकांना फोन लावला. ते जेवत होते. शेरा मराठीत सांगितला.

"म्हंजी त्यास्नी म्हाईत हुतं," ते म्हणाले. "आप्पाला सांगशील न्हवं?"

"सांगतो, काका."

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "आवं, जेवता जेवता हात कुणाला दावताय?"